वसतिगृहाच्या इमारतीसाठी मोठे देणगीदार कसे शोधावेत?

वसतिगृह_सचिव (कर्वेनगर, पुणे)

नमस्कार. ग्रामीण भागातून पुण्यात शिकायला येणाऱ्या मुलींसाठी आमची संस्था वसतिगृह चालवते. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे, १२ एबी (संस्थेच्या करसवलतीसाठी) आणि ८० जी (देणगीदारांच्या करवजावटीसाठी) या दोन्ही नोंदण्या आहेत, आणि लेखापरीक्षण झालेले हिशेब दरवर्षी धर्मादाय आयुक्त कार्यालयात सादर होतात. आजवर मुलींकडून घेतले जाणारे नाममात्र शुल्क, वार्षिक देणग्या आणि एक-दोन कंपन्यांची मदत यांवर आमचे भागत आले. आता भाड्याच्या इमारतीचा करार पुढे वाढण्याची चिन्हे नाहीत. धायरीजवळ एका हितचिंतकांनी दिलेल्या जागेवर स्वतःची इमारत बांधायचे मंडळाने ठरवले आहे. अंदाजपत्रक सुमारे ३ कोटी रुपयांचे आहे, आणि हजार-दोन हजारांच्या देणग्यांतून ते उभे राहणार नाही, हे आम्हां सर्वांना मान्य आहे.

मतभेद पुढे आहेत. एका विश्वस्तांनी वर्तमानपत्रांतून पुण्यातील धनिकांची नावे काढून यादी केली आहे आणि त्या सर्वांना पत्रे पाठवावीत असे त्यांचे म्हणणे आहे. दुसऱ्या विश्वस्तांच्या मते एखाद्या एजन्सीकडून तयार 'एचएनआय डेटाबेस', म्हणजे धनिकांची माहितीसूची, विकत घ्यावा. आमचा एक तरुण कार्यकर्ता सुचवतो, की नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू, म्हणजे मालमत्ता व्यवहारांच्या नोंदींचा उतारा, पाहून कोणी किती किमतीची घरे घेतली ते शोधावे आणि त्यावरून माणसे ठरवावीत. मला यातले काहीच मनापासून पटत नाही, पण पर्यायही सुचत नाही. मोठी देणगी देऊ शकेल अशी व्यक्ती ओळखायची कशी, तिच्याविषयी कोणती माहिती मिळवायची आणि कुठे थांबायचे, याबाबत अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

निधी_संकलक (औंध)

सचिव महोदय, आपली शंका रास्त आहे. त्यामागे नीतीचा प्रश्न आहेच, पण त्याआधी व्यवहाराचा आहे. वर्तमानपत्रांत येणारी नावे महाराष्ट्रातल्या प्रत्येक संस्थेच्या यादीत असतात. त्या घराण्यांची स्वतःची प्रतिष्ठाने असतात, त्यांचे विषय आधीच ठरलेले असतात, आणि ओळखीशिवाय आलेल्या पत्राला बहुधा ठरावीक मजकुराचे उत्तर जाते किंवा जातही नाही. विकतच्या डेटाबेसमध्ये फार तर दूरध्वनी क्रमांक आणि पदनाम मिळेल. देणगी ज्यावर ठरते ते त्यात सापडत नाही. ऐपत, आपल्या विषयाबद्दलची आस्था आणि मुळात देण्याची सवय या तीन गोष्टी ज्याच्या ठायी एकत्र दिसतात, त्याच्यावरच वेळ खर्च करावा. यांतली ऐपत शोधणे सर्वांत सोपे असते, आणि म्हणूनच बहुतेक मंडळे तिथेच अडकून पडतात.

माझा सल्ला असा, की आरंभी बाहेर कोणाकडेही जाऊ नका आणि संस्थेची जुनी पावतीपुस्तके काढा. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणग्यांचे विवरण फॉर्म १० बीडीमध्ये भरावे लागत असल्यामुळे तेव्हापासूनची नावे, पत्ते आणि रकमा आपल्या लेखापालांकडे संगणकावर असतीलच. त्याआधीच्या नोंदी मात्र कोणीतरी बसून हाताने उतरवाव्या लागतील. काम कंटाळवाणे आहे, पण पगारी माणसाकडे सोपवून मोकळे होऊ नका. निदान एका जुन्या विश्वस्तांनी शेजारी बसावे, कारण नावामागचा माणूस त्यांनाच आठवतो.

या नोंदी वाचताना सर्वांत मोठी रक्कम कोणाची, हे पाहू नका. सातत्य पाहा, तारखा पाहा आणि पत्ते पाहा. मी ज्या संस्थेत काम करत होतो, तिच्या नोंदवहीत दर डिसेंबरमध्ये त्याच आठवड्यात येणारी ५,००१ रुपयांची एक देणगी होती. पावती दिवंगत आईच्या स्मरणार्थ असे, 'हस्ते' या रकान्यात मुलाचे नाव असे, आणि मधल्या काळात पत्ता नारायण पेठेतून बाणेरला गेला होता. रक्कम मात्र वर्षानुवर्षे तीच राहिली, कारण ती वाढवा असे त्यांना कोणी कधी म्हटलेच नव्हते. आभाराचे छापील पत्र तेवढे न चुकता जात होते. पुढे विचारपूस केल्यावर कळले, की हे गृहस्थ भोसरीतील सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात भागीदार आहेत आणि त्यांच्या आईंनी लग्नानंतर, घरचा विरोध पत्करून, शिक्षिकेची पदविका पूर्ण केली होती. मुलींच्या शिक्षणाशी त्या घराचा संबंध किती जुना होता, हे त्या एका ओळीत आधीपासून लिहिलेले होते. पुढे त्यांनी अभ्यासिकेचा संपूर्ण खर्च उचलला.

देणगीदारांच्या नोंदवहीबाहेरही संस्थेच्या ओळखीची माणसे असतात, आणि ती सहसा कोणाच्या यादीत नसतात. मुलींना विनाशुल्क तपासणारे डॉक्टर, धान्य उधारीवर देणारे मार्केट यार्डातील व्यापारी, दिवंगत विश्वस्तांची मुले, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपल्या माजी विद्यार्थिनी. पहिल्या काही तुकड्यांतील मुली आज चाळिशी-पन्नाशीत असतील. कोणी अधिकारी असेल, कोणाचा स्वतःचा व्यवसाय असेल. त्यांचे आजचे पत्ते आपल्याकडे नसतील, तर निधी संकलनाचे पहिले काम तेच समजावे.

अशी चाळीस-पन्नास नावे निघाली, की ती विश्वस्त मंडळासमोर ठेवा आणि प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारा: यांना आपल्यापैकी कोण ओळखते, आणि कितपत? पुण्यात कोणाची ना कोणाची ओळख निघतेच, पण लग्नात भेट होणे आणि फोन केला तर उचलला जाणे यांत अंतर आहे. ज्या नावापर्यंत कोणीच पोहोचत नाही, ते तूर्त बाजूला ठेवा, मग तो माणूस कितीही धनवान असो.

३ कोटींचे गणितही आधी मांडून घ्या. इमारत निधीचा साधारण अनुभव असा, की सर्वांत मोठी देणगी एकूण रकमेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असावी लागते. ती सुरुवातीलाच मिळाली तर पुढच्या देणगीदारांना विश्वास वाटतो. म्हणजे एक ५०-६० लाखांची, दोन-तीन २५ लाखांच्या, काही १० लाखांच्या आणि उरलेली रक्कम लहान देणग्यांतून. अशा प्रत्येक देणगीसाठी तीन-चार संभाव्य नावे हाताशी हवीत, कारण त्यांतले एखादेच होकार देते. हा तक्ता कागदावर आला, की शंभर पत्रांची गरज नसून पंधरा-वीस माणसांचा नीट अभ्यास पुरेसा आहे, हे आपल्या विश्वस्तांना आपोआप दिसेल.

ताळेबंद (सदाशिव पेठ)

मी सनदी लेखापाल आहे आणि काही न्यासांचे लेखापरीक्षण करतो. वरच्या उत्तराशी सहमत आहे. नोंदवहीतून नाव निघाल्यावर त्या व्यक्तीविषयी उजळ माथ्याने, सार्वजनिक नोंदींतून काय कळू शकते, तेवढे सांगतो.

व्यक्ती कंपनीची संचालक असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची प्राथमिक माहिती आणि संचालकांची नावे दिसतात, आणि शुल्क भरून ताळेबंदही पाहता येतो. त्याच व्यक्तीचे संचालकपद अन्य कोणत्या कंपन्यांत आहे, तेही पाहावे. त्यांत एखादी सेक्शन ८ कंपनी (नफ्यासाठी नसलेली, धर्मादाय कामाची कंपनी) असेल, तर त्या कुटुंबाचे स्वतःचे प्रतिष्ठान असण्याची शक्यता बरीच असते, आणि मग अर्ज व्यक्तीकडे न नेता तिकडे न्यावा लागेल. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर तिचा भागधारणेचा तक्ता दर तिमाहीला प्रसिद्ध होतो. त्यात प्रवर्तकांची नावे आणि १ टक्क्याहून अधिक भाग असलेल्या इतरांची नावेही असतात. मात्र त्यातली शेअरची संख्या बाजारभावाने गुणून माणसाची ऐपत काढण्याचा मोह आवरा. प्रवर्तकांचे शेअर सहसा विकले जात नाहीत, आणि त्यांतले किती तारण ठेवलेले आहेत, हेही त्याच तक्त्यात दिलेले असते. तो रकाना वाचायचा बहुतेक जण विसरतात.

कुटुंबाचा जुना न्यास असेल, तर तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला असतो आणि त्याचे हिशेब धर्मादाय आयुक्त कार्यालयात असतात. तिथे अर्ज करून प्रती मिळवता येतात. अशा न्यासाच्या जमाखर्चात गेल्या दोन-तीन वर्षांत कोणत्या संस्थांना साधारण किती रकमा गेल्या, हे पाहणे बाकी सगळ्या तपासापेक्षा उपयोगाचे ठरते. जो न्यास दरवर्षी २-३ लाखांच्या आठ-दहा देणग्या देतो, त्याच्याकडे ५० लाख मागणे म्हणजे आपण काहीच वाचून आलो नाही, हे कळवणे होय. आणखी एक गोष्ट. दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाकडून कॉर्पससाठी, म्हणजे कायम राखून ठेवायच्या मूळ निधीसाठी, देणगी मागू नका. तशी दिलेली रक्कम देणाऱ्या न्यासाच्या दृष्टीने उत्पन्नाचा धर्मादाय विनियोग म्हणून धरली जात नाही, त्यामुळे त्यांचा सल्लागार नकारच देईल. इमारतीसाठी विशिष्ट अनुदान म्हणून मागावे. तरी कॉर्पस नसलेल्या अशा देणगीचेही आता ८५ टक्केच विनियोगात धरले जातात, हे त्यांना ठाऊक असते. आपल्यालाही ठाऊक असावे.

आता कंपन्यांविषयी. आपले विश्वस्त मोठ्या उद्योगसमूहांकडे पाहत आहेत, पण आपल्यासारख्या संस्थेने भोसरी, चाकण, रांजणगाव येथील मध्यम कंपन्यांकडे अधिक पाहावे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून अधिक आहे, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर (सीएसआर) खर्च करावी लागते (उलाढाल आणि नक्त मूल्याचे वेगळे निकष आहेतच). ही रक्कम ५० लाखांपेक्षा जास्त होत नसेल, तर स्वतंत्र सीएसआर समिती नेमण्याचे बंधन नाही आणि संचालक मंडळच निर्णय घेते. अशा कंपन्यांत संचालक मंडळ म्हणजे बहुधा एकाच घरातली दोन-तीन माणसे. तिथे निर्णय टेबलाच्या पलीकडे बसलेली व्यक्ती घेते आणि तिला प्रत्यक्ष भेटता येते. केंद्र सरकारच्या सीएसआर पोर्टलवर कंपनीवार आणि राज्यवार खर्च पाहता येतो. कोणती कंपनी शिक्षणावर किंवा महिलांच्या विषयावर सातत्याने खर्च करते, ते तिथून काढा.

कायद्याच्या सातव्या अनुसूचीत महिला आणि अनाथांसाठी निवासगृहे व वसतिगृहे उभारण्याचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. हे वाक्य प्रस्तावाच्या पहिल्या पानावर घाला. सीएसआरच्या पैशांतून उभी राहणारी मालमत्ता सीएसआर नोंदणी क्रमांक असलेल्या नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाच्या नावे राहू शकते. त्यामुळे हा क्रमांक देणारी सीएसआर-१ फॉर्मची नोंदणी झाली नसेल तर ती आधी करा, आणि धायरीच्या जागेचे कागद न्यासाच्या नावावर झाल्याशिवाय कोणालाही भेटायला जाऊ नका. सीएसआरमधून कॉर्पस मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

व्यक्तींशी बोलताना ८० जीच्या सवलतीवर फार भिस्त ठेवू नका. नवी करप्रणाली स्वीकारलेल्यांना ही वजावट मिळत नाही. जुन्या प्रणालीतही आपल्यासारख्या संस्थेला दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रकमेवरच ती मिळते, आणि तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने पावत्यांवरील कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक आपल्या सी.ए.कडून तपासून घ्यावेत.

एक_देणगीदार (प्रभात रस्ता)

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो, म्हणून लिहितो. निवृत्तीनंतर आम्ही पती-पत्नी दरवर्षी काही संस्थांना मदत करतो, त्यामुळे मागायला येणारे बरेच असतात. एका संस्थेच्या प्रतिनिधींनी बोलण्याच्या ओघात आमच्या दुसऱ्या घराचा व्यवहार किती रकमेचा झाला, हे सहज उच्चारले. त्यांना आपली तयारी दाखवायची असावी. आम्ही चहा दिला आणि विषय तिथेच संपला. इंडेक्स टू सर्वांना पाहता येतो हे खरे, परंतु जे पाहता येते ते सगळे पाहावे आणि वहीत लिहून ठेवावे असे नाही. आपल्या तरुण कार्यकर्त्यांना हे समजावून सांगावे. माझ्या मते नियम साधा आहे: एखाद्या व्यक्तीविषयी लिहिलेला कागद उद्या तिने स्वतः वाचायला मागितला, तर संकोच न वाटता तो देता आला पाहिजे. आजारपण, घरातील वाद, वाटण्या, मुलांची लग्ने हे त्यात असता कामा नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला असून त्याचे नियमही आले आहेत. तेव्हा विकतच्या डेटाबेसचा विचार तर सोडूनच द्यावा, कारण त्यातील माणसांनी आपली माहिती आपल्याला द्यायला संमती दिलेली नसते. देणगीदाराचा पॅन क्रमांक कराच्या विवरणासाठी घेतलेला असतो, तो इतर कोणत्याही तपासाला वापरू नये.

दुसरे असे, की आपण आमचा अभ्यास करता त्याआधी आम्ही आपला केलेला असतो. स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलवरची नोंद, संकेतस्थळावर हिशेब आहेत की नाहीत, विश्वस्तांमध्ये एकाच कुटुंबातील किती जण आहेत, हे आम्ही पाहतो. इमारतीच्या बाबतीत माझा पहिला प्रश्न हा असतो, की बांधून झाल्यावर ती चालवणार कशी? वीज, पाणी, मालमत्ता कर, गृहमाता आणि सुरक्षारक्षक यांचे पगार, दहा वर्षांनी येणारी रंगरंगोटी यांचा तक्ता जी संस्था न विचारता पुढे ठेवते, तिच्याशी मी अधिक वेळ बोलतो.

नाव देण्याविषयी विश्वस्तांना संकोच वाटत असेल, तर तो अनाठायी आहे. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव लागले. बहुतेक देणगीदारांना स्वतःपेक्षा आईवडिलांचे नाव लागावे असे वाटते, पण ते आपणहून सांगत नाहीत. कोणत्या खोलीला, मजल्याला, अभ्यासिकेला नाव देता येईल आणि किती रकमेला, हे आधी ठराव करून ठरवा. भेटीत घासाघीस सुरू झाली की दोन्ही बाजूंना लाज वाटते.

कार्यकर्ती (हडपसर)

वरचे सगळे मान्य करूनही एक भर घालते. लहान संस्थांच्या नोंदवहीत कधी कधी खरोखरच फारशी नावे नसतात, आणि तेव्हा नवी माणसे भेटण्याची ठिकाणे हवीत. पितृपंधरवड्याच्या सुमारास पुण्यात भरणारे 'देणे समाजाचे' हे प्रदर्शन, गणेशोत्सवात 'लोकसत्ता'चा 'सर्वकार्येषु सर्वदा' हा उपक्रम, २ ते ८ ऑक्टोबरचा दानउत्सव, मराठा चेंबर या उद्योजकांच्या संघटनेचे कार्यक्रम आणि रोटरीच्या सभा इथे संस्थेविषयी स्वतःहून विचारणारी माणसे भेटतात. प्रदर्शनात आमच्या टेबलाशी थांबलेल्या एका आजींनी फक्त माहितीपत्रक नेले होते. पुढच्या वर्षी त्या भाचीला घेऊन आल्या आणि इच्छापत्रात संस्थेचे नाव घालायचे तर कोणाशी बोलावे, असे त्यांनी विचारले. अशा ठिकाणी पैसे मागू नयेत. कोणी काय विचारले, ते त्याच संध्याकाळी लिहून ठेवावे आणि आठवडाभरात वसतिगृह पाहायला बोलवावे. मुलींना स्वागतगीत म्हणायला उभे मात्र करू नका. त्या अभ्यास करताना दिसल्या तर ते पुरेसे आहे.

वसतिगृह_सचिव (कर्वेनगर, पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डेटाबेस आणि इंडेक्स टू हे दोन्ही विषय पुढील बैठकीत मी बंद करेन आणि पावतीपुस्तकांचे काम सुरू करू. निधी_संकलक यांनी माजी विद्यार्थिनींचा मुद्दा काढला, त्यावरून एक शंका विचारतो. आमच्या काही मुली अमेरिकेत आणि जर्मनीत स्थायिक झाल्या आहेत आणि मदत करायला उत्सुक आहेत. आमच्याकडे परदेशी देणग्या घेण्यासाठी लागणारी एफसीआरए नोंदणी नाही. त्यांच्याकडून देणगी घेता येईल का?

ताळेबंद (सदाशिव पेठ)

प्रत्येकीचे नागरिकत्व कोणते, यावर ते अवलंबून आहे. जिच्याकडे अजून भारतीय पारपत्र आहे, तिने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय योगदान ठरत नाही, मग ती कोणत्याही देशात राहत असो. पारपत्राची प्रत आणि रक्कम स्वतःच्या बचतीतील असल्याचे पत्र घेऊन दप्तरी ठेवा. जिने परदेशी नागरिकत्व घेतले आहे, तिच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी कायद्याच्या दृष्टीने ती परकीय स्रोत आहे, आणि नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय तिचा एक रुपयाही घेता येत नाही. तिने पुण्यातल्या आपल्या खात्यातून रुपयांत धनादेश दिला तरीही नाही. तिकडच्या एखाद्या मराठी मंडळाने एकत्र जमवून पाठवलेल्या पैशालाही हेच लागू होते.

नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते आणि मागील तीन वर्षांत मूळ कामावर निदान १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. आपली संस्था या निकषात बसेल असे वाटते. परकीय योगदान स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावे लागते आणि अर्जाला वेळ लागतो. म्हणून आत्ताच अर्ज करा, आणि तोवर माजी विद्यार्थिनींच्या यादीत नागरिकत्वाचा एक रकाना वाढवून घ्या.